शिरस्त्राण आणि वस्तादाचा शब्द

पडल्यावर जो उठतो तो मर्द, ही शिकवण आमच्या मुलांस कोणत्याहि क्रमिक पुस्तकांतून द्यावी लागत नाहीं. ती त्यांस मैदानावर, तालमींत आणि घरच्या ओट्यावर आपोआप मिळते. गुडघा फुटला असतां धूळ झटकून पुन्हां खेळावयास धांवणारें मूल आईबापांच्या कौतुकाचा विषय होतें, आणि त्यांत गैर असें कांहीं नाहीं. सोशिकपणावांचून कोणतीहि विद्या साधत नाहीं. मग शरीराची विद्या तरी कशी साधावी? परंतु या शिकवणीस एक अपवाद आहे, आणि तो आम्ही मुलांस सांगत नाहीं. तो अपवाद म्हणजे डोक्यास बसलेला मार. हा मार सोसून खेळत राहणें हें शौर्य नसून अज्ञान आहे, ही गोष्ट जगास फार उशिरां उमगली, आणि आमच्या गांवोगांवच्या मैदानांवर ती अद्यापि पुरती पोंचलेली नाहीं. इतका उशीर कां लागला, याचा इतिहास पाहण्याजोगा आहे.

हा इतिहास आम्ही गुंजवण्यापासून आरंभितों, याचें वाचकांस कदाचित् नवल वाटेल. पुण्याहून साताऱ्याच्या सडकेनें निघून नसरापुराशीं वळलें, कीं वेल्ह्याची वाट लागते. तिच्यावरील मार्गासनीहून एक फांटा साखर गांवावरून गुंजवण्यास जातो. गांवाच्या माथ्यावर राजगड उभा आहे. बारा मावळांपैकीं गुंजण मावळ तें हेंच. शिवाजीमहाराजांनीं ज्या गडावरून सुमारें पाव शतक आपल्या राज्याचा कारभार हांकला, त्याच्या पद्मावती माचीवर चोरदिंडीनें चढणारी वाट याच गांवांतून निघते. मराठी मुलाच्या मनांतील पराक्रमाचें चित्र ज्या मुलुखांत घडलें, तो हा मुलुख होय. तेव्हां शौर्य कशास म्हणावें आणि अविचार कशास म्हणावें, हा प्रश्न विचारावयास याहून योग्य स्थळ आम्हांस तरी दिसत नाहीं.

त्या काळचे वीर आपल्या डोक्याविषयीं बेफिकीर होते काय? मुळींच नाहीं. १६५९ सालच्या नोव्हेंबर महिन्याच्या १० तारखेस प्रतापगडाच्या पायथ्याशीं महाराजांची व अफजलखानाची भेट झाली. त्यापूर्वीं महाराज राजगडाहूनच जावळीकडे गेले होते. भेटीस जातांना त्यांनीं अंगरख्याखालीं चिलखत व मंदिलाखालीं लोखंडी टोप घातला होता, आणि डोक्यावर आलेला वार त्या टोपानें झेलला, अशी परंपरा आहे. ज्यांच्या धैर्याविषयीं कोणास स्वप्नांतहि संशय येणार नाहीं, त्यांनीं निघण्यापूर्वीं आपलें डोकें झांकलें, ही गोष्ट आमच्या मुलांस गोष्ट म्हणून ठाऊक असते. धडा म्हणून ती त्यांच्यापुढें कोणी ठेवीत नाहीं.

आमच्या वैद्यकासहि डोक्याचें मोल ठाऊक होतें. चरकानें शिर, हृदय आणि बस्ति या तिहींस प्रमुख मर्में मानिलें. सुश्रुतानें शरीरांतील १०७ मर्में गणिलीं. त्यांपैकीं ३७ मान व डोकें यांत आहेत, आणि माथ्यावरील अधिपति मर्मास इजा झाल्यास तत्काळ प्राण जातो, असें तो सांगतो. तात्पर्य, डोक्याची काळजी ही कांहीं परदेशांतून आलेली नवी टूम नव्हे. मात्र येथें एक भेद लक्षांत घेतला पाहिजे. टोप डोक्यास वांचवितो तो तरवारीच्या धारेपासून, आणि शल्यवैद्य पाहतो ती जखम, मोडलेलें हाड, वाहणारें रक्त. जो मार दिसत नाहीं, ज्यानें कातडी फाटत नाहीं आणि हाडहि तडकत नाहीं, त्याची गणना कोणीं करावी?

या अदृश्य माराचें स्वरूप थोडक्यांत असें आहे. मेंदू हा कवटीच्या आंत द्रवांत तरंगत असणारा अत्यंत मृदु अवयव आहे. धांवतां धांवतां डोकें एकाएकीं आदळलें, किंवा मानेस जोराचा हिसका बसला, तर कवटी थांबते. परंतु आंतील मेंदू त्याच वेगानें पुढें जातो व गरकन् फिरतो. त्यामुळें त्याचे बारीक ज्ञानतंतु ताणले जातात. पेशींच्या आंतबाहेर असणाऱ्या क्षारांचें प्रमाण बिघडतें. तें पूर्ववत् करण्यास मेंदूला अधिक शक्ति लागते, आणि नेमका त्याच वेळीं त्यास होणारा रक्ताचा पुरवठा कमी पडतो. यास डॉक्टर लोक ‘कन्कशन’ म्हणतात. आम्ही त्यास मेंदूचा हादरा म्हणूं. हादरा बसलेल्या मुलांपैकीं बहुतेकांची शुद्ध जात नाहीं. मेंदूचें छायाचित्र काढलें तरी त्यांत बहुधा कांहींच दिसत नाहीं. डोकें दुखणें, मळमळणें, चक्कर, उजेड व आवाज न सोसणें, उत्तर देण्यास वेळ लागणें, घडलेलें न आठवणें, उगाच रडूं किंवा राग येणें, हीं त्याचीं लक्षणें होत. आणि तीं कित्येकदां कांहीं तासांनीं दिसूं लागतात. मुख्य अडचण अशी कीं, ज्या अवयवानें आपल्या प्रकृतीचा निवाडा करावयाचा, त्यासच इजा झालेली असते. म्हणून ‘मला कांहीं झालें नाहीं’ या मुलाच्या शब्दास इतर दुखापतींत जें मोल असेल, तें येथें नाहीं.

शिरस्त्राणाचा काळ सरल्यावर आमच्याकडे शरीरविद्येचें घर झालें तें तालीम. दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं बाळंभटदादा देवधर यांनीं मल्लखांबाच्या विद्येस ऊर्जित दशा आणिली. पुढें १९०६ सालीं पुण्यास डेक्कन जिमखाना निघाला; १९१२ सालीं शाहूमहाराजांनीं कोल्हापुरास खासबागेचें मैदान उभारलें; १९१४ सालीं अमरावतीस हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ व १९२४ सालीं पुण्यास महाराष्ट्रीय मंडळ स्थापन झालें. बडोद्यास आबासाहेब मुजुमदार यांनीं व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध केले. या सर्व खटपटीचें श्रेय कमी लेखण्याचा आमचा हेतु नाहीं. उलट, तालमीच्या रीतींत जें शहाणपण होतें, त्याकडे आज पुन्हां पाहावयास हवें, असें आमचें मत आहे.

हौद्याची माती रोज खणून भुसभुशीत करावयाची, तींत तेल, ताक, हळद मिसळावयाची, ही रीत केवळ सोपस्काराची नव्हे. पडणाऱ्याचें अंग वांचावें, हा तिचा उघड उपयोग आहे. पोरास प्रथम डाव न शिकवितां पडावें कसें तें शिकवावयाचें, हेंहि त्यांतलेंच. परंतु तालमीची खरी थोरवी वस्तादाच्या अधिकारांत आहे. वस्तादानें ‘पुरे’ म्हटलें, कीं जोड सुटते. मग पठ्ठ्याची रग जिरलेली असो वा नसो, पाहणारे ओरडत असोत वा नसोत. कोणी कधीं उतरावें व कोणी कधीं थांबावें, हें खेळणाऱ्यानें ठरवावयाचें नसून पाहणाऱ्या जाणत्यानें ठरवावयाचें, हें तत्त्व तालमीनें पूर्वींच मान्य केलें होतें. उणीव एवढीच राहिली, कीं मोडलेला हात व उखळलेला सांधा ओळखणाऱ्या वस्तादास मेंदूचा हादरा ओळखण्याचें साधन त्या काळच्या वैद्यकानें दिलें नव्हतें.

तालमीच्या जोडीस मैदानी खेळ वाढले. १९३६ सालीं बर्लिन येथील ऑलिंपिकच्या प्रसंगीं अमरावतीच्या मंडळीनें हुतूतू व इतर देशी खेळ जगास दाखविले. १९५० सालीं कबड्डीचा अखिल भारतीय संघ स्थापन झाला, आणि १९९० सालीं बीजिंगच्या आशियाई सामन्यांत या खेळास पदकाचें स्थान मिळालें. मावळच्या खेड्यांत या खेळाइतका सोपा व स्वस्त खेळ दुसरा नाहीं. पण त्याच्या अंगींच एक धोका आहे. चढाई करणाऱ्या गड्याचा घोटा धरावयास जो झेंपावतो, त्याचें डोकें नेमकें चढाई करणाऱ्याच्या गुडघ्यासमोर येतें. आणि दोघे बचाव करणारे एकाच वेळीं झेंपावले, तर डोक्यावर डोकें आदळतें. अशा वेळीं मूल क्षणभर बसतें, डोळे मिचकावतें, कोणी त्याच्या माथ्यावर पाणी मारतो, आणि मंडळी टाळ्या वाजवितात; कारण तें पुन्हां उठलेलें असतें. हुतूतूंत ‘मेलेला’ गडी आपल्या संघाच्या गुणानें पुन्हां ‘जिवंत’ होतो. ही खेळाची भाषा आहे. मेंदू तिच्या नियमानें चालत नाहीं.

या बाबतींत आपल्या देशाचें लक्ष वेधलें तें प्रथम क्रिकेटनें. १९६२ सालच्या मार्च महिन्यांत बार्बाडोस येथें हिंदी संघाचे नायक नरी काँट्रॅक्टर यांच्या कानाच्या वर चार्ली ग्रिफिथ याचा वेगवान चेंडू आदळला व कवटी फुटली. ते अनेक दिवस बेशुद्ध होते. त्यांचा जीव वांचावा म्हणून प्रतिपक्षाचे नायक फ्रँक वॉरेल यांनीं रक्त दिलें. आपल्या पुण्याचे चंदू बोर्डे, नाशिकचे बापू नाडकर्णी आणि पॉली उम्रीगर यांनींहि दिलें. काँट्रॅक्टर वांचले, पुढें ते पुन्हां मैदानावर उतरले, परंतु कसोटी सामना त्यांच्या नशिबीं पुन्हां आला नाहीं. त्या काळीं फलंदाजाच्या डोक्यावर कापडी टोपीवांचून दुसरें कांहीं नसे. एवढ्या प्रसंगानंतरहि पुष्कळ वर्षें तें तसेंच राहिलें. १९८३ सालीं जॉर्जटाऊन येथें माल्कम मार्शल याचा चेंडू सुनील गावसकर यांच्या कपाळावर लागला, तरी ते खेळत राहिले व १४७ धावा करून नाबाद परतले. ही खेळी आम्हां सर्वांच्या अभिमानाचा विषय आहे. पण तिच्याकडे पाहून शाळेच्या मुलानें काय शिकावें, हा प्रश्न वेगळा आहे. दैवानें साथ दिलेल्या एका प्रसंगाचा नियम करतां येत नाहीं. खुद्द गावसकर यांनींहि पुढें डोक्यास बसणारें लहानसें कवच वापरावयास आरंभ केला.

दैवानें साथ न दिल्याचें उदाहरणहि फार दूरचें नाहीं. १९९८ च्या फेब्रुवारींत ढाका येथें रमण लांबा हे फलंदाजाच्या अगदीं जवळ क्षेत्ररक्षणास उभे होते. षटकाचे तीनच चेंडू उरले होते, म्हणून त्यांनीं शिरस्त्राण घेतलें नाहीं. चेंडू डोक्यास लागला. ते स्वतःच्या पायांनीं चालत मैदानाबाहेर गेले, आणि तीन दिवसांनीं निवर्तले. येथें नुसता हादरा नव्हता, कवटीच्या आंत रक्तस्राव झाला होता. परंतु चालूं बोलूं शकणारा मनुष्य सुरक्षितच असतो, हा समज किती खोटा आहे, तें या प्रसंगावरून दिसतें. २०१४ सालीं सिडनी येथें फिलिप ह्यूज हा पंचविशींतला खेळाडू शिरस्त्राण असूनहि मानेवर चेंडू लागून गेला, तेव्हां क्रिकेटचें जग हादरलें. पुढें २०१९ सालच्या ऑगस्टपासून, मेंदूस हादरा बसलेल्या खेळाडूच्या जागीं दुसरा गडी घेण्याची मुभा आंतरराष्ट्रीय नियमांत आली. २०२० च्या डिसेंबरांत कॅनबेरा येथें रवींद्र जडेजा यांच्या शिरस्त्राणावर चेंडू लागला असतां त्यांच्या जागीं यजुवेंद्र चहल आले व त्यांनीं तीन बळी घेतले. त्यावर पुष्कळ वाद झाला; आम्हांस त्यांतली एवढीच गोष्ट महत्त्वाची वाटते, कीं जडेजा यांनीं बाहेर बसण्यांत कोणीं भित्रेपणा पाहिला नाहीं.

परंतु नियम म्हणजे शिक्षण नव्हे. ज्या सामन्यास डॉक्टर हजर असतो, तेथें नियम पुरतो. ज्या मैदानावर एकटे शिक्षक पन्नास मुलें संभाळीत असतात, तेथें शिक्षणावांचून गति नाहीं. हा धडा अमेरिकेनें मोठी किंमत देऊन घेतला. तेथील फुटबॉलच्या खेळांत इतके तरुण दगावूं लागले, कीं १९०५ सालीं अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं महाविद्यालयांच्या प्रतिनिधींस बोलावून खेळ सुधारावयास सांगितलें. १९२८ सालीं मार्टलंड नांवाच्या डॉक्टरानें, वर्षानुवर्षें ठोसे खाणाऱ्या मुष्टियोद्ध्यांची बुद्धि व चाल कशी बिघडते, याचें वर्णन प्रसिद्ध केलें. १९८४ सालीं दोघां डॉक्टरांनीं त्याहून भयंकर गोष्टीकडे लक्ष वेधलें: पहिला हादरा बरा होण्यापूर्वीं दुसरा बसला, तर तो वरवर क्षुल्लक असला तरी कोंवळ्या वयांत मेंदू एकाएकीं सुजून प्राण जाऊं शकतो. असे प्रसंग विरळा आहेत. पण ज्या घरावर तो ओढवतो, त्या घरास विरळेपणाचें काय समाधान?

शेवटीं २००९ सालीं तेथील वॉशिंग्टन राज्यानें कायदा केला, आणि पांचसहा वर्षांच्या आंत सर्व राज्यांनीं त्याचें अनुकरण केलें. त्या कायद्याचीं तीन अंगें आहेत. दरवर्षीं खेळावयास उतरण्यापूर्वीं मुलानें व पालकानें हादऱ्याविषयींची माहिती वाचून सही करावी. संशय येतांच मुलास खेळांतून काढावें. आणि जाणत्या वैद्यानें लेखी संमति दिल्यावांचून त्यास परत घेऊं नये. वाचकांच्या ध्यानीं येईल, कीं यांतलें दुसरें अंग म्हणजे आमच्या वस्तादाचा ‘पुरे’ हा शब्दच होय. आमच्याजवळ अधिकार होता, ज्ञान नव्हतें; आतां ज्ञान आलें आहे, तर अधिकार ढिला पडूं देऊं नये.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, कीं इतकें सांगत बसलें तर मुलें भित्रीं होतील. ज्यांच्या मुलुखांत लोखंडी टोपाची कथा सांगितली जाते, त्यांनीं तरी हा आक्षेप घेऊं नये. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. गुंजवण्यासारख्या गांवांत मेंदूचा डॉक्टर कोठून आणावा? त्यास पुण्यासच जावें लागणार. परंतु हादरा बसल्याचा संशय घेण्यास डॉक्टर लागत नाहीं, मुलास बाकावर बसविण्यास पैसा लागत नाहीं, आणि संघांत राखीव गडी असतातच. उलट, इस्पितळ जितकें दूर, तितकी मैदानावरची सावधगिरी अधिक पाहिजे, हें कोणीहि कबूल करील.

मग मुलांस शिकवावयाचें तें काय? प्रथम हें, कीं डोक्यास मार बसल्यावर डोकें दुखलें, गरगरलें, अंधुक दिसलें, तर तें तत्काळ सांगावें; आणि आपला सोबती वेड्यासारखा उत्तरें देत आहे, भलत्या बाजूस धांवत आहे असें दिसलें, तर तें शिक्षकांच्या कानीं घालणें ही चुगली नसून मैत्री आहे. शिक्षकांनीं त्यास विचारावें: आपण कोठें खेळत आहों, गुण किती झाले, मागची चढाई कोणाची होती? उत्तर चुकलें तर संशय पक्का. उत्तर बरोबर आलें म्हणून मात्र संशय फिटत नाहीं. संशय आला, कीं त्या दिवशीं खेळ बंद. डोक्यास तेल चोळून व लिंबाचें सरबत पाजून त्यास पुन्हां आंत धाडूं नये. पुनःपुन्हां ओकारी, वाढती डोकेदुखी, आंचके, न हलणारा हातपाय, लहानमोठ्या दिसणाऱ्या बाहुल्या, वाढती गुंगी, मानेंत कळ, यांपैकीं कांहींहि दिसलें तर क्षणाचाहि विलंब न लावतां १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी, आणि मान दुखत असेल तर गाडी येईपर्यंत मुलास हलवूं नये.

घरच्या मंडळीनेंहि कांहीं गोष्टी जाणाव्या. पहिली रात्र मुलाजवळ मोठ्या माणसानें असावें. पहिले एक दोन दिवस विश्रांति, भ्रमणध्वनीच्या पडद्यापासून शक्य तेवढी सुटका, आणि झेपेल तेवढें हिंडणेंफिरणें, एवढें पुरे. आठवडाभर अंधाऱ्या खोलींत निजवून ठेवण्याची जुनी रीत आतां चांगली मानीत नाहींत. पुढें आधीं शाळा, मग खेळ. खेळांतहि प्रथम चालणें, मग धांवणें, मग एकट्यानें कसरत, मग वैद्याच्या संमतीनें अंगाशीं भिडणारा सराव, आणि सर्वांच्या शेवटीं सामना. प्रत्येक पायरीस निदान एक दिवस द्यावा व त्रास बळावल्यास एक पायरी मागें यावें. मुलांस मोठ्यांपेक्षां अधिक दिवस लागतात. कित्येकांस चार आठवडेहि लागतात. शिरस्त्राण असेल तेथें तें अवश्य वापरावें, कारण त्यानें कवटी वांचते. पण मेंदूचा हादरा त्यानें पुरता टळतो, या भ्रमांत राहूं नये.

एका चढाईनें किंवा एका सामन्यानें कोणत्याहि शाळेची कीर्ति बुडत नाहीं. मुलगा मात्र घरास एकच असतो. हंगाम सुरू होण्यापूर्वीं शिक्षकांनीं मुलांस व पालकांस एका संध्याकाळीं शाळेंत जमवून वरील गोष्टी समजावून सांगाव्या, आणि बाहेर बसविलेल्या मुलाची थट्टा करणाऱ्यास तेथल्या तेथें ताकीद द्यावी. एवढ्यानें पुष्कळ साधेल. राजगडाच्या पायथ्याशीं हें काम प्रथम झालें तर आम्हांस विशेष आनंद वाटेल. पण तें कोणत्या गांवीं आधीं होतें याला महत्त्व नाहीं. पुढल्या खेपेस कोणा पोराचें डोकें गुडघ्यावर आदळेल, तेव्हां कांठावर उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडून ‘ऊठ’ असें न निघतां ‘पुरे’ असें निघावें, इतकेंच आमचें मागणें आहे.